गाडीला नंबर असतो, खड्ड्याला नसतो

प्रति,
मा. संपादक

महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या पत्रव्यवहारात मागच्या आठवड्यात एका वाचकाने अपघातांच्या नुकसानभरपाईविषयी लिहिले होते. अपघात हा शेवटी नशिबाचा भाग असतो, त्यात दोष कोणाचा हे उकरत बसायचे आणि पैशासाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवायच्या, हा मेल्याच्या टाळूवरचे लोणी खाण्याचा प्रकार आहे, असा त्या पत्राचा आशय होता. लिहिणाऱ्याच्या घरी दुःख घडलेले असावे असे त्यांच्या शब्दांवरून जाणवते, म्हणून त्यांच्याविषयी आदर राखूनच सांगतो की हे मत मला मान्य नाही. मी येथे इंदुरातच एका सर्वसाधारण विमा कंपनीच्या दावा विभागात 31 वर्षे नोकरी केली. वाहन अपघातात जखमी झालेल्या तिऱ्हाइतांचे दावे, म्हणजे ज्यांना आपण सरसकट थर्ड पार्टी म्हणतो ते, माझ्या टेबलावरून जात असत. निवृत्त झाल्यावर अपघाताचा विषय आपल्यापुरता संपला असे मी समजत होतो, तोच तो आमच्या घरात आला. या पत्रात पत्नीविषयी जे लिहिले आहे ते तिच्या संमतीने लिहिले आहे.

सप्टेंबर 2024 मधल्या गणेशोत्सवात, संध्याकाळच्या आरतीला म्हणून ती सुदामा नगरमधल्या आमच्या घरून शेजारच्या गल्लीतल्या मंडळाकडे पायी निघाली. दुपारभर पाऊस झाला होता. ड्रेनेजची नळी टाकण्यासाठी त्या गल्लीत आठ-दहा दिवसांपूर्वी चर खणला होता आणि नळी टाकून झाल्यावरही त्याचा एक तुकडा उघडाच राहिला होता. त्यात पाणी भरून रस्त्याच्या पातळीला आले होते, दिवे बंद होते आणि चराच्या कडेला ना बॅरिकेड होते ना लाल दिवा. तिथे रस्ता आहे असे समजून तिने पाऊल टाकले आणि ती उजव्या हातावर पडली. मनगटाची दोन्ही हाडे मोडली, आत पट्टी आणि स्क्रू बसवावे लागले, आणि पुढचे पाच महिने उपचारात गेले. मंडळाच्या दोन मुलांनी तिला बाहेर काढून रिक्षातून रुग्णालयात नेले. त्यांचे उपकार आम्ही विसरणार नाही.

माझी पत्नी पोळ्या करून देण्याचा व्यवसाय करते, म्हणजे करत होती. हाताखाली एक बाई घेऊन ती रोज सकाळी आसपासच्या घरांना आणि डबेवाल्यांना अडीच-तीनशे पोळ्या पुरवत असे आणि खर्च वजा जाता महिन्याला सुमारे 14,000 रुपये तिच्या हाती पडत. कणीक मळणे आणि लाटणे ही दोन्ही कामे मनगटाची आहेत. आज ती उजव्या हाताने पेला उचलू शकते, सही करू शकते, केस विंचरू शकते. पण चाळीस-पन्नास पोळ्या लाटल्या की मनगट सुजते आणि लाटणे खाली ठेवावे लागते; बाईच्या मदतीने कशाबशा शंभर पोळ्या होतात.

दुसऱ्या दिवशी मी पोलीस ठाण्यात तक्रार द्यायला गेलो. तेथील हवालदार सभ्य गृहस्थ होते. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली, कागद पुढे ओढला आणि पहिला प्रश्न विचारला, ‘गाडी कोणती होती?’ गाडी नव्हती, खड्डा होता, असे मी सांगितल्यावर त्यांनी पेन खाली ठेवले. त्यांना मी दोष देत नाही. अपघात म्हटला की वाहनाचा नंबर, चालकाचे नाव, विम्याची तारीख हे रकाने भरायचे, एवढेच त्यांना ठाऊक होते, आणि माझ्याकडे त्यांपैकी एकाही रकान्यात लिहिण्यासारखे काही नव्हते. दुसऱ्याच्या निष्काळजीपणाने गंभीर दुखापत झाली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 125 खाली गुन्हा होतो आणि त्याला वाहन असावेच लागते असे नाही, हे मी त्यांना दाखवून दिले, तेव्हा अर्ज ठेवून घेतला गेला. गुन्हा मात्र आजतागायत कोणाच्याही नावावर नोंदला गेलेला नाही, कारण नाव कोणाचे लिहायचे हेच ठरत नाही. रस्ता एका यंत्रणेच्या ताब्यात आहे, नळीची योजना दुसरीची आहे, खोदकाम तिच्या कंत्राटदाराने पोटकंत्राटदाराकडून करून घेतले आहे, आणि दिव्यांची देखभाल आणखी कोणाकडे आहे. या चौघांपैकी प्रत्येकाने मला अत्यंत सौजन्याने पुढच्याकडे पाठवले.

हेच मनगट तिला रस्त्यावर एखाद्या टेंपोने धडक दिल्यामुळे मोडले असते तर काय झाले असते, हे मला माझ्या नोकरीमुळे तपशीलवार माहीत आहे. प्रत्येक वाहनाचा तृतीय पक्ष विमा सक्तीचा असल्याने पैसे कोण देणार हा प्रश्न पहिल्याच दिवशी सुटला असता. पोलिसांनी अपघाताचा अहवाल तयार करून अपघात दाव्यांच्या न्यायाधिकरणाकडे पाठवला असता. मोटार वाहन कायद्याच्या 2019 मधल्या दुरुस्तीतले आणि 1 एप्रिल 2022 पासून लागू असलेले कलम 164 सांगते की मृत्यू झाल्यास 5 लाख आणि गंभीर दुखापत झाल्यास अडीच लाख रुपये, चूक कोणाची हे सिद्ध न करताही, मागता येतात. धडक देणारा पळून गेला आणि वाहन सापडलेच नाही, तरी मृताच्या वारसांना 2 लाख आणि गंभीर जखमीला 50,000 रुपये देण्याची योजना आहे. मे 2025 पासून तर वाहन अपघातातल्या जखमीला ठरलेल्या रुग्णालयांत पहिल्या 7 दिवसांत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता मिळण्याची तरतूद झाली आहे. जखमीला उचलून नेणाऱ्या भल्या माणसाला पोलीस-कोर्टाचा त्रास होऊ नये म्हणून याच कायद्यात कलम 134-क घातले गेले. पण त्याचेही संरक्षण मोटार वाहनाच्या अपघातापुरतेच आहे. आमच्या मंडळाच्या त्या दोन मुलांना रुग्णालयात नावे विचारली तेव्हा ती कचरली, आणि त्यांना धीर देण्यासाठी कोणत्या कलमाचे नाव घ्यावे हे मला सुचले नाही.

वाहनाच्या बाबतीत ही सारी व्यवस्था आकाशातून पडलेली नाही. पूर्वी मोटारीखाली सापडलेल्यालाही साध्या दिवाणी न्यायालयातच दावा लावावा लागे, दाव्याच्या रकमेप्रमाणे कोर्ट फी भरावी लागे आणि वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. रस्त्यांवर गाड्या वाढल्या, हे सामान्य माणसाला झेपणारे नाही हे संसदेला पटले, आणि 1956 मध्ये जुन्या 1939 च्या कायद्यात दुरुस्ती करून अपघात दाव्यांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरणे आणली गेली. लोक ज्याला क्लेम कोर्ट म्हणतात ते हेच. आज शहरे भराभर खोदली जात आहेत, पण खोदकामाच्या बळींसाठी आपण अजून 1956 च्या आधीच्याच काळात आहोत, असे माझे म्हणणे आहे आणि हे पत्र लिहिण्याचे कारणही तेच आहे.

भरपाई म्हणजे लोणी नव्हे, हे समजण्यासाठी ती कशी मोजतात ते पाहावे. सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये वयानुसार गुणक ठरवून दिला. 51 ते 55 वयाच्या व्यक्तीसाठी तो 11 आहे, म्हणजे वर्षाच्या उत्पन्नाची 11 पट हा हिशोबाचा पाया. माझी पत्नी अपघाताच्या वेळी 52 वर्षांची होती. महिना 14,000 म्हणजे वर्षाला 1,68,000 आणि त्याची 11 पट 18,48,000 रुपये होते. आता अपंगत्व किती? वैद्यकीय मंडळाने उजव्या हाताचे कायम अपंगत्व 22 टक्के लिहून दिले. नुसते तेच धरले तर हानी 4,06,560 रुपयांची ठरते. माझ्या टेबलावर असे प्रमाणपत्र आले असते, तर हे 22 टक्के त्या एका हाताचे आहेत, सबंध शरीराचे त्याहून कमी, तेव्हा रक्कम आणखी खाली आणा, असे टिपण मीच लिहिले असते. तशी टिपणे मी लिहिली आहेत आणि त्यातली काही आज मला आठवतात तेव्हा बरे वाटत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये या बाबतीत फार मोलाची गोष्ट सांगितली आहे : डॉक्टरांचा टक्का आणि कमाईची हानी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डावा हात गमावलेला सुतार किंवा ड्रायव्हर जवळजवळ सारी कमाई गमावतो, तर तोच हात गमावलेला सरकारी कारकून नोकरीत राहू शकतो. तेव्हा माणूस कोणते काम करीत होता आणि आता त्यातले काय करू शकतो हे पाहूनच आकडा काढला पाहिजे. तीनशेऐवजी शंभर पोळ्यांवर आलेल्या बाईच्या कमाईची हानी 60 टक्के धरली, आणि तीही मी जपूनच धरतो आहे, तर रक्कम 11,08,800 रुपये होते. त्यात उपचाराचा खर्च, वेदना आणि मदतनीस बाईचा वाढलेला पगार धरलेला नाही. या रकमेत बक्षिसासारखे काय आहे? पुढची दहा-बारा वर्षे ज्या पोळ्या तिने लाटल्या असत्या, त्यांची ही मजुरी आहे.

घरातल्या कामाचेही मोल न्यायालये मानतात, हे मुद्दाम नोंदवतो, कारण आमच्याकडे ‘बाई घरीच असते, तिचे काय नुकसान’ असे अजूनही सहज बोलले जाते. गृहिणीच्या श्रमांचे पैशांत मूल्य धरलेच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये आणि पुन्हा 2021 मध्ये स्पष्ट केले आहे.

वाहनाखेरीज इतरही काही ठिकाणी जखमीला दार आहे. चालत्या गाडीतून पडलेल्या रेल्वे प्रवाशासाठी रेल्वे दावा न्यायाधिकरण आहे आणि तेथे रेल्वेची चूक दाखवावी लागत नाही. रुग्णालयाच्या हलगर्जीपणासाठी 1995 च्या निकालापासून ग्राहक न्यायालय खुले आहे. विजेच्या बाबतीत तर आपल्याच राज्यातून गेलेला दाखला आहे. पावसात तुटून पडलेल्या जिवंत तारेला चिकटून एक सायकलस्वार मरण पावला, तेव्हा कोणीतरी चोरून वीज घेत होते, आमचा दोष नाही, असा बचाव मध्य प्रदेश विद्युत मंडळाने केला. सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये तो फेटाळला आणि जो एवढी धोक्याची वस्तू चालवतो त्याने निष्काळजीपणा सिद्ध होण्याची वाट न पाहता नुकसान भरून द्यावे, असे सांगितले. भोपाळची वायुगळती झाल्यावर तर कायद्याची भाषाच बदलली. दिल्लीच्या ओलियम वायुगळतीच्या प्रकरणात डिसेंबर 1986 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घातक उद्योगांसाठी कोणतीही पळवाट नसलेले संपूर्ण दायित्व मांडले, आणि 1991 मध्ये सार्वजनिक दायित्व विमा कायदा करून घातक पदार्थ हाताळणाऱ्यांवर विम्याची सक्ती झाली. म्हणजे आधी विमा, मग धंदा, हे तत्त्व संसदेने मोटारीनंतर आणखी एकदा मान्य केले आहे.

राहता राहिला तो पायी चालणारा. त्याच्या अंगावर फांदी पडली, होर्डिंग पडले, सज्जा कोसळला, तो उघड्या चेंबरात गेला, तर त्याला साध्या दिवाणी दाव्याची वाट धरावी लागते. समोर सरकार असेल तर आधी 2 महिन्यांची नोटीस, मग फी, मग साक्षीपुरावे. शिवाय निकाल काय लागेल हे सांगता येत नाही. दिल्लीच्या चांदणी चौकातला घंटाघराचा मनोरा कोसळून माणसे मेली, तेव्हा 1966 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महापालिकेला जबाबदार धरले होते. ज्या चुन्याचे बांधकाम 40-45 वर्षे टिकते त्याला 80 वर्षे झाली होती, आणि रस्त्यालगत अशी वास्तू बाळगणाऱ्याने दोष दिसत नव्हता म्हणून हात झटकू नयेत, असे ते तत्त्व होते. पण 1997 मध्ये राजकोटच्या प्रकरणात, रस्त्याकडेचे झाड पादचाऱ्यावर कोसळून तो मेला असताना, महापालिकेवर दायित्व येत नाही असे त्याच न्यायालयाने म्हटले. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात 13 जून 1997 रोजी 59 माणसे गुदमरून गेली. त्यांच्या नातलगांच्या भरपाईचा निकाल 2011 मध्ये लागला, त्यात चित्रगृहचालकांवर 85 आणि वीज मंडळावर 15 टक्के वाटा आला, आणि परवाने देणारी यंत्रणा मात्र सुटली. मी हे निकाल वाचले आहेत, त्यामागची कारणेही समजून घेतली आहेत. तरीही पोळ्या करणाऱ्या एका बाईला यातले कोणते तत्त्व लागू होणार हे मला 31 वर्षांच्या अनुभवानंतर सांगता येत नाही, आणि वकिलांनाही सांगता आले नाही.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने मात्र आम्हांला एक वाट दाखवली, तिचा उल्लेख केला पाहिजे. वीज, पाणी, वाहतूक, सफाई अशा सार्वजनिक सेवांच्या तक्रारींसाठी स्थायी लोक अदालत असते. तेथे फी लागत नाही, 1 कोटी रुपयांपर्यंतचा वाद नेता येतो आणि तडजोड झाली नाही तर ती निर्णयही देऊ शकते. आमचा चर ड्रेनेजचा होता म्हणून सफाईच्या सेवेत बसवून आम्ही अर्ज दिला आहे. झाड किंवा होर्डिंग पडले असते तर हेही दार बहुधा उघडले नसते. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, ही गोष्ट तर मला माझ्या सबंध नोकरीत कोणा जखमी बाईला सांगावीशी वाटली नाही, याची आज खंत आहे.

या अर्जाच्या निमित्ताने मी माहितीच्या अधिकारात त्या कामाच्या कराराची प्रत मागवली. ती हाती आली तेव्हा मी ती रात्री दोनदा वाचली. खोदकामाभोवती बॅरिकेड लावावे, रात्री लाल दिवे ठेवावेत, नळी टाकल्यावर चर ताबडतोब बुजवावा, ही कलमे त्यात होतीच. पण त्यापुढच्या पानावर असेही लिहिले होते की कंत्राटदाराने तिऱ्हाइताच्या जीविताला आणि मालमत्तेला होणाऱ्या हानीसाठी विमा उतरवून त्याची प्रत सादर करावी. प्रत सादर झालेली होती. म्हणजे ज्या दिवशी माझी पत्नी त्या चरात पडली, त्या दिवशी तिच्यासारख्यांसाठीच काढलेला विमा चालू होता, त्याचा हप्ता कामाच्या खर्चातून, म्हणजे आपल्या सर्वांच्या करातून भरलेला होता, आणि ती पॉलिसी एका फायलीत बंद होती. मोटारीच्या विम्यात जखमी माणूस थेट विमा कंपनीला न्यायाधिकरणापुढे उभी करतो. येथे ते शक्य नाही. आधी कंत्राटदारावर दायित्व ठरले पाहिजे, मग त्याने आपल्या विमा कंपनीकडे मागितले पाहिजे, आणि जो कंत्राटदार आपला पत्ताच लागू देत नाही तो हे कशासाठी करील? माझ्या व्यवसायातल्या या उणिवेकडे मी इतकी वर्षे कधी पाहिले नव्हते.

इंदुरात राहणाऱ्याला या विषयावर बोलताना पटेल नगरची बावडी विसरता येणार नाही. 30 मार्च 2023 रोजी, रामनवमीच्या दिवशी, बेलेश्वर महादेव झुलेलाल मंदिरात हवन चालू असताना विहिरीवर घातलेला स्लॅब खचला आणि 36 माणसे गेली. त्या वेळी राज्य शासनाकडून मृतांच्या कुटुंबीयांना प्रत्येकी 5 लाख आणि पंतप्रधान निधीतून 2 लाख रुपये जाहीर झाले. संकटात ती मदत मोलाचीच असते. परंतु तिचे नाव सानुग्रह अनुदान असे आहे, आणि त्या शब्दात अनुग्रह आहे. जे देणाऱ्याच्या मर्जीवर असते, जे 20 वर्षांच्या मुलाला आणि 70 वर्षांच्या आजोबांना सारखेच मिळते, ज्यात कोणाची कमाई किती होती आणि कोणामागे कोण आहे याचा विचार नसतो, ते दायित्व नव्हे. मोठी दुर्घटना झाली की अनुदान जाहीर होते. गल्लीत एकटीच पडलेली बाई त्याही यादीत नसते.

शेजारच्या महाराष्ट्रात ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्डे आणि उघडी गटारे यांमुळे मृत्यू झाल्यास 6 लाख आणि दुखापतीच्या प्रमाणात 50,000 ते अडीच लाख रुपये संबंधित यंत्रणेने द्यावेत, त्यासाठी समित्या असाव्यात आणि ही रक्कम दोषी अधिकारी व कंत्राटदार यांच्याकडून वसूल व्हावी, असा आदेश दिला. आकड्यांविषयी मतभेद होऊ शकतात. पोळीवालीची हानी अडीच लाखांत बसत नाही हे वर दाखवलेच आहे. पण जखमीने कोणाच्या दारात जायचे हे त्या आदेशाने सांगितले. तो आदेश मध्य प्रदेशाला बंधनकारक नाही. येथे तसे काही व्हावे यासाठी आपल्या उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाची वाट पाहण्यापेक्षा राज्य शासनाने स्वतःच नियम करावा असे मला वाटते, आणि त्याची सुरुवात अगदी लहान गोष्टीने होऊ शकते.

सार्वजनिक रस्त्यावर जिथे कुदळ पडेल तिथे एक फलक सक्तीचा करावा. त्यावर काम करवून घेणाऱ्या यंत्रणेचे नाव, कंत्राटदाराचे नाव व फोन, काम संपण्याची तारीख आणि तृतीय पक्ष विम्याचा पॉलिसी क्रमांक असावा. फलक नसेल तर तेथील दुखापतीला खोदकाम करवून घेणारी यंत्रणाच जबाबदार आहे असे धरून चालावे आणि तसे नाही हे सिद्ध करण्याचा भार तिच्यावर ठेवावा. दुसरे असे की जखमीला आधी त्या यंत्रणेने द्यावे आणि मग कंत्राटदाराकडून वसूल करावे. ‘आधी द्या, मग वसूल करा’ हे तत्त्व वाहन अपघातांत वर्षानुवर्षे चालू आहे. चालकाजवळ परवाना नव्हता म्हणून जखमीला उपाशी ठेवू नका, कंपनीने पैसे भरावेत आणि मालकाशी नंतर भांडावे, असे न्यायालयांनी आम्हां विमावाल्यांना अनेकदा बजावले आहे. आम्ही त्या वेळी कुरकुर केली, पण कंपन्या बुडाल्या नाहीत.

यावर दोन आक्षेप येतील. खोटे दावे येतील, हा एक. ते येतील, वाहनांच्या बाबतीत घरात जिन्यावरून पडलेल्याला रस्त्यावर पडलेला दाखवून गाडीचा नंबर चिकटवल्याची प्रकरणे मी स्वतः उघडकीला आणली आहेत. पण ती उघडकीला आली ती नोंदी होत्या म्हणूनच, आणि आज खड्ड्याच्या अपघाताची नोंदच होत नाही. दुसरा आक्षेप असा की लोकांनी बघून चालावे. जरूर चालावे. जखमीची स्वतःची चूक असेल तेवढ्या प्रमाणात भरपाई कमी करण्याची रीत न्यायालयांत आहेच. ती दाव्यातून वजा होते, दावा नाहीसा करीत नाही. पाण्याने काठोकाठ भरलेला, अंधारातला चर न दिसणे ही चूक किती टक्के धरायची, हे वाचकांनी ठरवावे.

अशा प्रसंगातून जाणाऱ्यांना, ज्यांच्यावर ती वेळ येऊ नये, माझ्या दोन्ही बाजूंच्या अनुभवातून एवढेच सांगतो. रुग्णालयात पोहोचताच पडण्याचे कारण आणि जागा कागदावर लिहून घ्या व एम.एल.सी., म्हणजे पोलिसांना कळवायच्या प्रकरणाची रुग्णालयातली नोंद, करायला लावा; ‘घसरून पडल्या’ एवढेच लिहिले गेले की पुढे सारा दावा घसरतो, आणि आमच्या बाबतीत ती दुरुस्ती करून घ्यायला मला तीन आठवडे लागले. जागेचे फोटो त्याच रात्री काढा, कारण अपघातानंतर चर आश्चर्यकारक वेगाने बुजतात. आमचा तिसऱ्या दिवशी सकाळी बुजला. उत्पन्नाचा पुरावा नाही म्हणून निराश होऊ नका. पत्नीची पोळ्यांची वही, त्यातल्या घरोघरच्या खुणा आणि आट्याच्या दुकानाची बिले हाच आमचा पुरावा आहे. अपघात वाहनाचा असेल तर दावा 6 महिन्यांच्या आत दाखल करा. या मुदतीच्या वैधतेचा वाद सर्वोच्च न्यायालयापुढे गेलेला आहे, पण त्याच्या भरवशावर दिवस घालवू नका.

आमच्या अर्जाची पुढची तारीख लागली आहे. दरम्यान त्याच गल्लीपासून थोड्याच अंतरावर, शाळेच्या वाटेवर, पुन्हा खोदकाम सुरू झाले आहे. दोन काठ्या आणि त्यांना बांधलेली लाल चिंधी एवढेच तिथे आहे. परवा मी तिथल्या मजुरांना काम कोणाचे आहे असे विचारले, तर त्यांना मुकादमाच्या नावापलीकडे काही सांगता आले नाही. या पत्राची एक प्रत मी आमच्या प्रभागाच्या पार्षदांना देत आहे आणि त्या चराजवळ वर लिहिल्याप्रमाणे फलक लावण्याची विनंती केली आहे. फलक लागला, तर त्याचा फोटो आपल्याकडे पाठवीन. कृपया तो छापावा.

आपला,
एक निवृत्त विमा कर्मचारी
सुदामा नगर, इंदूर